सुट्टीतील मुंबई : वस्तुसंग्रहालय व नाट्यगृह यांचा लाभ

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले आईवडिलांबरोबर मुंबईस नातलगांकडे जातात. कोकणातून व घाटावरून गिरण्यांत कामास गेलेल्या माणसांनी गेल्या शतकात मुंबईत घरे केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तरी माणसे तेथेच राहिली. काही कुटुंबे लालबाग-परळच्या चाळींत आहेत, काही ठाणे, कल्याण, डोंबिवली, विरार, नवी मुंबई या बाजूंस गेली. त्यामुळे मामा, आत्या, काका किंवा मावशी मुंबईस नाही असे गाव पुष्कळ भागांत शोधूनच काढावे लागेल. शहरात राहण्याची सोय हा प्रवासातील सर्वांत मोठा खर्च होय. तो या मुलांच्या बाबतीत आपोआप वाचतो.

असे असूनही आठ-पंधरा दिवसांच्या पाहुणपणाचे फळ बहुधा तुटपुंजेच असते. चौपाटी पाहिली, बाजार पाहिला, नवे कपडे झाले, उरलेला वेळ दूरचित्रवाणीसमोर किंवा मोबाइल घेऊन गेला, एवढाच वृत्तांत शाळा उघडल्यावर ऐकावयास मिळतो. मुंबईतील मोठी वस्तुसंग्रहालये आणि मराठी नाटकाची नाट्यगृहे ही दोन ठिकाणे त्या वृत्तांतात क्वचितच येतात. याचे कारण पैशांची अडचण असे सांगितले जाते. परंतु पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. ही ठिकाणे शिकल्यासवरलेल्या शहरी लोकांची आहेत, तेथे आपल्याला काय कळणार, अशी एक समजूत मनात घर करून असते. मोठ्या दगडी इमारतीच्या पायऱ्यांपाशी येऊन, बाहेरूनच ती पाहून परत फिरणारी कुटुंबे थोडी नाहीत. ही समजूत दूर करणे हे प्राथमिक शिक्षकांच्या हाती आहे. सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात त्यासाठी एखादा तास खर्च केला तर तो कारणी लागेल.

गावाकडील मुलाची शिदोरी

वस्तुसंग्रहालयात काय असते? मडकी, दिवे, वजने-मापे, शस्त्रे, दागिने, मूर्ती, वस्त्रे, नाणी, पेंढा भरलेले पशुपक्षी. यांतील निम्म्याअधिक वस्तूंची जात गावाकडील मुलाच्या ओळखीची असते. कुंभाराचे चाक फिरताना त्याने पाहिलेले असते. ऐरणीवर लोखंड कसे वळते, गळाला मासा कसा लागतो, जात्याचा खुंटा कोठे धरावा, हे त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. शहरात वाढलेल्या मुलास काचेमागील भाजक्या मातीचे भांडे ही एक जुनी वस्तू वाटते. खेड्यातील मुलास मात्र ते भांडे कोणत्या बाजूने अधिक भाजले गेले, त्याची कड कशाने ओढली, ते चुलीवर ठेवण्याचे की पाण्याचे, हे प्रश्न सुचू शकतात. म्हणजे संग्रहालयात जाताना हे मूल रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्याजवळील ही शिदोरी शिक्षकांनी त्यास आधीच दाखवून दिली, तर पायऱ्यांपाशीचा संकोच पुष्कळसा कमी होतो.

दोन संग्रहालयांची ओळख

मुंबईत संग्रहालये अनेक आहेत. प्रथम जाणाऱ्या मुलासाठी त्यांतील दोन विशेष सोयीची होत.

पहिले भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेस, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानास, ते लागूनच आहे. बाग पाहण्यास आलेली माणसे पुष्कळदा शेजारच्या दारातून आत न जाताच परततात. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले व १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. भाऊ दाजींचा जन्म गोव्यातील एका खेड्यात १८२२ साली झाला आणि लहानपणीच ते मुंबईस आले. पुढे ते नामांकित डॉक्टर झाले. प्राचीन शिलालेखांच्या वाचनातही त्यांनी मोठे काम केले. खेड्यातून आलेल्या मुलाचे नाव मुंबईतील सर्वांत जुन्या संग्रहालयावर आहे, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

या संग्रहालयात मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. निरनिराळ्या समाजांचे पोशाख, कारागिरांचे व्यवसाय आणि खेड्यातील जीवन त्यांत दाखविलेले आहे. मुलांस या प्रतिकृती फार आवडतात, कारण त्या खेळण्यांएवढ्या असून खऱ्यासारख्या आहेत. आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या हेतूने उचलीत असता यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणण्यात आले आणि १९१४ साली पुन्हा जुळविण्यात आले. जुळविल्याच्या खुणा शोधण्यास मुलांस सांगावे. इतिहास म्हणजे पाठ करावयाच्या सनावळ्या, ही कल्पना अशा एका खुणेने जितकी ढिली होते तितकी दहा धड्यांनी होत नाही.

दुसरे म्हणजे दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसे त्यास अजूनही प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. १९०५ साली त्याची कोनशिला बसली. इमारत १९१४ साली तयार झाली. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करावा लागला, आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट यांनी तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर योजिला. भिंतींसाठी कुर्ल्याचा काळसर दगड व मालाडचा पिवळसर दगड वापरला. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या मुलाने त्या काळसर दगडावर हात ठेवून पाहावा; त्याच्या घराच्या जोत्याचा दगडही त्याच जातीचा असण्याचा संभव आहे.

आतील दालनांत मोहेंजोदडो येथील गळ, दागिने, हत्यारे आणि वजने-मापे आहेत. ही सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. अकबर बादशहाचे १५८१ सालचे पोलादी चिलखत व ढाल आहे. सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपातून मिळालेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. पशुपक्ष्यांचे दालन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने उभारले गेले. २०१९ पासून आवारातच मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालयही आहे.

यांखेरीज ज्यांस विज्ञानाची गोडी आहे त्यांनी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहावे. तेथील अनेक उपकरणे स्वतः हाताळून पाहता येतात. गावदेवीचे मणिभवन हे १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत येत तेव्हा त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण होते. गांधीजींच्या जीवनातील प्रसंग तेथे लहान देखाव्यांतून मांडले आहेत.

थोडे पाहावे, थांबून पाहावे

संग्रहालयाचा कंटाळा येतो तो बहुधा सर्व काही एकाच फेरीत पाहण्याच्या हट्टामुळे. मोठ्या संग्रहालयातील प्रत्येक वस्तूपुढून नुसते चालत गेले तरी पाय दुखू लागतात आणि संध्याकाळी एकही वस्तू धड आठवत नाही. यासाठी पुढील पद्धत अनुसरणे हितावह ठरेल.

प्रथम एकच दालन निवडावे. त्यातून सर्वांनी एक फेरी मारावी. मग मुलाने स्वतः तीन वस्तू निवडाव्या. वडील माणसांनी त्या सुचवू नयेत. निवडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे निदान पाच मिनिटे थांबावे आणि मुलास चार प्रश्नांची उत्तरे शोधू द्यावी : ही कशाची केली आहे? कोणी व कशासाठी केली असेल? कोठे झिजली आहे? आज आपल्या गावी हे काम कशाने होते? चारही उत्तरे मिळाल्यावरच शेजारचा फलक वाचावा. फलक आधी वाचला की डोळे पाहणे थांबवितात. शेवटी तिन्हींपैकी एका वस्तूचे पेन्सिलीने रेखाटन करावे. चित्र सुबक नसले तरी हरकत नाही. ज्या वस्तूचे चित्र काढावयाचे तिच्याकडे नीट पाहावेच लागते, एवढाच त्याचा उद्देश.

तिसरा प्रश्न, म्हणजे झीज कोठे आहे हा, मुलांस विशेष भावतो. मुठीपाशी गुळगुळीत झालेली तलवार किंवा एका बाजूने काळवंडलेला दिवा पाहिला की त्यामागे माणसाचा हात होता हे त्यांस उमजते. घरातील विळी मध्यभागी का झिजते हे ज्या मुलीने पाहिले आहे, तिला ही झीज वाचता येते.

दीड-दोन तासांहून अधिक वेळ आत घालवू नये. मुलास आणखी पाहावेसे वाटत असतानाच बाहेर पडणे उत्तम. त्यायोगे पुढच्या खेपेस ते आपण होऊन तेथे जाण्याचा आग्रह धरते. निघण्यापूर्वी संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी, वेळ व तिकिटाचा दर यांची दूरध्वनीवर चौकशी करावी. मुलांस व विद्यार्थ्यांस तिकिटात पुष्कळ ठिकाणी सवलत असते, म्हणून शाळेचे ओळखपत्र किंवा मुख्याध्यापकांची चिठ्ठी जवळ असावी.

नाटक : पाहण्याची व ऐकण्याची शिस्त

जी गोष्ट संग्रहालयाची तीच नाटकाची. गावाकडील मूल नाटकास परके नसते. सिंधुदुर्गातील मुलाने दशावतार पाहिलेला असतो, रत्नागिरीकडील मुलाने नमन-खेळे, पूर्व विदर्भातील मुलाने झाडीपट्टीचे नाटक, देशावरील मुलाने भारूड किंवा जत्रेतील तमाशा. मराठी रंगभूमीचा उगमही मुंबईत झालेला नाही. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. सांगलीच्या राजेसाहेबांपुढे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी केलेले खेळ ही त्यामागील प्रेरणा होती. भावे यांची मंडळी १८५३ साली मुंबईस आली, तेव्हा त्यांस पाठबळ देणाऱ्या मुंबईकरांत नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी हे होते. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीतही याच दोघांचा हात होता. वस्तू जपणे आणि नाटक वाढविणे ही दोन्ही कामे त्या पिढीस एकाच लोकशिक्षणाची अंगे वाटत होती.

मुलांसाठीच्या नाटकाचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमीची संस्था सुरू केली. तिचे पहिले नाटक रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’. तोपर्यंत बालनाट्य म्हणजे शाळेच्या संमेलनात मुलांनी केलेले नाटुकले, अशीच समजूत होती. मुलांसाठीचे नाटक मोठ्या नाटकाइतक्याच तयारीने, खऱ्या नेपथ्यासह व प्रकाशयोजनेसह झाले पाहिजे, हा आग्रह या चळवळीने धरला. मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटक २०१८ साली नव्या संचात पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा नाट्यगृहात आजीआजोबा व नातवंडे शेजारी बसून त्यातील चेटकिणीला हसत होती.

नाटकाच्या प्रयोगांची माहिती वर्तमानपत्रातील जाहिरातींत मिळते. सुट्टीच्या दिवसांत बालनाट्याचे प्रयोग अधिक असतात. दादरचे शिवाजी मंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह यांपैकी नातलगांच्या घरास जे जवळचे असेल ते निवडावे. नाटक मुलांच्या वयास योग्य आहे की नाही याची खात्री तिकीट काढण्यापूर्वीच करून घ्यावी. मागील रांगांतील तिकिटे स्वस्त असतात. तेथून चेहरा बारीक दिसला तरी संपूर्ण रंगमंच दृष्टीच्या टप्प्यात राहतो, आणि प्रथम नाटक पाहणाऱ्यास तेच अधिक उपयोगी.

तिसऱ्या घंटेपूर्वी जागेवर बसावे. दिवे मालवतात तो क्षण मुलास चुकू देऊ नये. मोबाइल पूर्णपणे बंद असावा. चित्रपटातील नटास प्रेक्षकांचा आवाज पोहोचत नाही. नाटकातील नटास तो पोहोचतो. प्रेक्षकांचे हसू, त्यांची शांतता, मागे कोणी केलेली कुजबुज, हे सर्व त्यास ऐकू येते व त्याचा परिणाम प्रयोगावर होतो. ही गोष्ट मुलास आधी समजावून दिली की शिस्त लावावी लागत नाही. मूल स्वतःच सावध होऊन ऐकते, कारण प्रयोगात आपलाही वाटा आहे हे त्यास कळलेले असते. मध्यंतरात बटाटावडा अवश्य खावा, तो नाट्यगृहाच्या आठवणीचाच एक भाग आहे. परंतु त्याच वेळी एक-दोन प्रश्नही विचारावे. रात्र झाली हे कशावरून कळले? घराच्या जागी जंगल कसे आले? राजा कोणता, हे तो बोलण्यापूर्वीच कसे ओळखले?

यजमानांचा विचार

शहरातील नातलगांची अडचणही ध्यानी घेतली पाहिजे. घर लहान असते, कामावर जाण्यायेण्यात दिवस जातो, आठवड्यातून एकच सुट्टी मिळते. पाहुण्या मुलांस हिंडविणे त्यांस जड वाटले तर त्यात दोष नाही. म्हणून सर्व स्थळे दाखविण्याची अपेक्षा न करता एकच सकाळ संग्रहालयासाठी व एकच संध्याकाळ नाटकासाठी मागावी. तिकिटे पाहुण्यांनी काढावी. दुपारची भाकरी-भाजी घरूनच न्यावी.

येथे एक गोष्ट आढळून येते. वीस-वीस वर्षे मुंबईत राहूनही संग्रहालयाचे दार न ओलांडलेली माणसे पुष्कळ आहेत. जो मामा भाच्याला घेऊन जातो तोही बहुधा प्रथमच आत पाऊल टाकीत असतो. गावाकडून आलेल्या आजीस सोबत नेता आले तर फारच उत्तम. जुनी मापे, दिवे, अलंकार पाहून तिला जे आठवते ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. तिच्यासाठी अधूनमधून बसण्याची जागा मात्र पाहून ठेवावी.

शाळा उघडल्यावर

मुंबईस जाऊन आलेल्या मुलास ‘मी पाहिलेली मुंबई’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याची प्रथा आहे. त्यातून स्थळांची यादी तेवढी हाती येते. त्याऐवजी मुलाने आपले रेखाटन फळ्यावर काढून त्या एका वस्तूविषयी वर्गास सांगावे. नाटक पाहिलेल्या मुलाने एक प्रसंग दोन-तीन सोबत्यांच्या मदतीने करून दाखवावा.

यापुढची पायरी म्हणजे शाळेतील संग्रहाची फळी. वर्गातील एका कपाटाचा एक कप्पा त्यास पुरे. पायली, अधोली, मापटे, जुने शेराचे वजन, टाक व दौत, कंदील, तिफणीचे चाडे, अशा वस्तू मुलांनी घरोघर विचारून काही दिवसांपुरत्या मागून आणाव्या. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी असावी : वस्तूचे नाव, कशाची केली, कोण वापरीत असे, केव्हापासून वापरात नाही, कोणाकडून आणली. दशमान नाणी भारतात १ एप्रिल १९५७ पासून आली व वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली. तेव्हा पायली-शेराची चिठ्ठी लिहिताना गणित, इतिहास व भाषा यांचा अभ्यास एकत्रच होतो. वस्तू परत करताना त्या घरातील वडीलधाऱ्यांस शाळेत बोलावून त्यांच्या तोंडून तिची हकीकत ऐकावी. चिठ्ठ्या मात्र शाळेतच जपून ठेवाव्या.

ज्यांस जाता येत नाही त्यांच्यासाठी

प्रत्येक वर्गात अशी मुले असतातच की ज्यांचे कोणी मुंबईस नाही, किंवा ज्यांच्या घरी सुट्टी हाच मजुरीचा हंगाम असतो. मुंबईच्या वर्णनाने त्यांच्या मनात उणेपणा येऊ नये याची काळजी शिक्षकांनी घेतली पाहिजे. संग्रहाच्या फळीसाठी वस्तू आणण्याचे व चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अशा मुलांकडे प्रथम सोपवावे.

शिवाय संग्रहालये मुंबईतच आहेत असे नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे असून लोक त्यास अजब बंगला म्हणतात. साताऱ्याजवळील औंध येथे श्रीभवानी संग्रहालय आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी रोमशी चाललेल्या प्राचीन व्यापाराच्या खुणा सांगणारा संग्रह आहे. कोल्हापुरास टाऊन हॉलमध्ये संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत यांपैकी जवळचे एक ठिकाण घालणे अवघड नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्ये मांडलेले फिरते संग्रहालय सुरू केले व ते मुंबईबाहेरील शाळांतही गेले आहे. मुख्याध्यापकांनी संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून आपल्या केंद्रासाठी त्याची चौकशी करावी.

येत्या सुट्टीपूर्वी शिक्षकांनी प्रत्येक वर्गात कोण कोठे जाणार आहे याची नोंद करावी, जाणाऱ्या मुलांच्या पालकांशी दोन शब्द बोलावे आणि वर दिलेले चार प्रश्न मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर उतरवून द्यावे. संग्रहालयातील वस्तू गावोगावच्या कारागिरांनी घडविलेल्या आहेत आणि रंगभूमीवरील भाषा घरोघर बोलली जाणारीच आहे. त्या दारातून आत जाण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, तिकीट तेवढे पुरे, हे प्रत्येक मुलास शाळेतून निघतानाच ठाऊक असावे.